थोडी हवा आत राहू दे

४ मे

मामा,

पत्र बघून दचकू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता. पण तुम्हाला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की पलीकडच्या खोलीत अण्णांना शब्दन् शब्द कळतो. सासरे अंथरुणाला खिळलेत, पण कान त्यांचे विशीतले आहेत. आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको आहे.

मला एक हवेची बंदूक हवी आहे. म्हणजे शेजारणीच्या मुलाला हवी आहे, नेमबाजी शिकतोय तो. मी म्हटलं, माझे मामा पस्तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतायत, त्यांनाच विचारते. तर बंदूक स्वस्तातली, पण खेळणं नको. स्प्रिंगची नको, आधी हवा भरून ठेवतात ती हवी. आवाज कमीत कमी. भिंतीपलीकडच्या माणसालाही कळता कामा नये. दस्ता जरा आखूड, आणि बोल्ट डाव्या हाताने ओढता आला पाहिजे. जूनच्या मध्यापर्यंत मिळायला हवी, नंतर तिचा काही उपयोग नाही.

पैसे त्यांनी माझ्याकडे दिलेत. यांना मात्र कळवू नका. ते बोटीवर आहेत, पाण्यात बसून उगाच काळजी करत बसतील.

तुमची भाची

९ मे

डावरे,

तुझ्या शेजारणीला डावखुरा आणि आखूड हातांचा मुलगा झाला हे ऐकून बरं वाटलं. आपल्या घरात असा नमुना एकच होता, माझ्या दुकानात स्टुलावर बसून छर्रे मोजायचा.

आता कामाचं. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी लिहितो. स्पर्धेच्या नव्या बंदुकीकडे बघूच नका, तेवढ्यात स्कूटर येते. बाजारात दुसऱ्या टोकाला झाडापानांच्या रंगाच्या, वर हातभर दुर्बीण बसवलेल्या मिळतात. त्या दिसायला शूर आणि मारायला भित्र्या. दहा मीटरवर दुर्बिणीचं कामच नाही, तिथे बारीक भोकाचं साइट लागतं. पैसे घालायचे ते नळीत आणि चापात. चाप असा हवा की बोट ठेवल्यावर तो कधी सुटला हे आपल्याला उशिरा कळावं. आत रेग्युलेटर हवा, म्हणजे पहिल्या गोळीला जेवढी हवा मिळते तेवढीच तिसाव्या गोळीला मिळते. लाकूड, रंग, पट्टा हे सगळं शेवटी.

आणि लोक नेहमी विसरतात ते हे, की नुसती बंदूक घेऊन भागत नाही. हवा कशाने भरणार? मोठा सिलिंडर भरून आणायला रोज कोण जाणार? त्यापेक्षा हातपंप घ्या. घाम निघतो, पण कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

त्या मुलाचं जाऊ दे. तू वेळेवर जेवतेस ना? घराबाहेर शेवटची कधी पडलीस?

मामा

१४ मे

मामा,

मी जेवते. माझ्या जेवणाचं काय मध्येच?

हातपंपच घ्या. दम लागेल याची चिंता नको. अण्णांना दिवसातून चार वेळा उचलून बसवते मी, पंपाचं काय घेऊन बसलात. स्प्रिंगची नको म्हटलं ते याचसाठी, तिचा धक्का डाव्या खांद्याला... म्हणजे त्या मुलाच्या खांद्याला त्रास आहे.

आमच्या बोळात मोजून पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून अडगळीच्या खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत दहा मीटर आणि वर एक वीत. तो मुलगा इथेच येईल सरावाला. अण्णांचं दार मधेच उजवीकडे आहे, ते बंद ठेवता येतं. अडगळीच्या खोलीत दुसरं कोणी जात नाही, मागची भिंत दगडी आहे.

लवकर करा मामा. दोन वर्षं झाली, मी भाजी आणि औषधं यांच्यापलीकडे गेलेले नाही. अण्णांच्या उशाशी दोरीने वाजवायची पितळी घंटा आहे. ती वाजली की हातातलं टाकून जायचं. एकदा अर्धा तास बाहेर राहिले तर ते पलंगावरून पडले होते. तेव्हापासून घरात नसतानासुद्धा ती घंटा मला ऐकू येते. भाजीवाला म्हणतो, ताई, मान वळवून काय बघताय? एकदा ती बंदूक आली की माझी यातून सुटका होईल. म्हणजे, त्या मुलाची भुणभुण संपेल.

तुमची भाची

२० मे

डावरे,

पार्सल आज दिलं. जुनी आहे, पण नळी मी स्वतः तपासली आहे आणि चाप माझ्या हाताने बसवलाय. बोल्ट डाव्या बाजूला घेतलाय. दस्ता दोन बोटं कापून मागे रबर लावलंय, तुझ्या मापाने, म्हणजे त्या मुलाच्या. सोबत हातपंप, साइट, तीन प्रकारचे चपट्या डोक्याचे छर्रे, लोखंडी पत्र्याची निशाण-पेटी आणि रबरी रिंगा व ग्रीस यांची डबी. तिन्ही छर्रे मारून बघा, जे एका भोकात जातील ते आपले.

नियम पाठ आहेत ना? पंपाला किंवा बंदुकीला शिलाई मशीनचं तेल चुकूनही लावायचं नाही. दाबातल्या हवेत तेल पेट घेतं. फक्त डबीतलं सिलिकॉनचं ग्रीस, तेही नखभर. तीस दट्टे मारले की थांबायचं, पंप गार होऊ द्यायचा. दाबाचा काटा दोनशेच्या वर न्यायचा नाही. आणि काम झालं तरी सगळी हवा काढून टाकायची नाही. बंदूक पूर्ण रिकामी ठेवली की रिंगा बसक्या होतात आणि पुढच्या वेळी हवा धरत नाहीत. थोडी हवा आत राहू दे.

हवा गळते आहे का, ते कसं बघायचं तेही आठवतंय ना? छर्रा नसताना, बंदुकीचं तोंड भिंतीकडे करून, मनगटाची आतली बाजू ओली करायची आणि जोडांवरून फिरवायची. फुस्स आवाज लोकांना कानाने कळतो. मला कधीच कळला नाही, म्हणून मनगट. जिथे गार लागेल तिथे चोर.

आणि डावरे, काहीही मनात आलं तरी आधी मला लिही. कितीही वेडंवाकडं असलं तरी. आधी मला.

मामा

२७ मे

मामा,

पार्सल पोचलं. शिलाईच्या कपाटात लपवलंय. बंदूक खांद्याला लावली आणि उगाच रडू आलं. मोजमाप इतकं बरोबर कसं घेतलंत?

पण पंपाची नळी बंदुकीला जोडायचं पितळी नोझल त्यात नाही. कागद तीनदा उलटेपालटे केले. पिशवीत त्याचा कप्पा आहे, कप्पा रिकामा. नोझलशिवाय हवा भरणार कुठून? हार्डवेअरच्या दुकानात दाखवलं, त्याच्याकडे तसा आटा नाही. लगेच पाठवा. दिवस थोडे राहिलेत.

तुमची भाची

१ जून

डावरे,

विसरलो असेन. वय झालं. शोधतो.

झोप लागते का तुला? अण्णांशी तुझं भांडण वगैरे झालंय का? जावईबापू कधी येणार आहेत? नणंद येते का अधूनमधून? सगळं सविस्तर लिही. नोझल सापडलं की पाठवतो.

मामा

५ जून

मामा,

तुम्ही विसरला नाहीत.

मी सात वर्षांची असल्यापासून तुम्हाला पिशव्या भरताना बघत आलेय. पहिल्यांदा नोझल, मग बंदूक. तुम्ही म्हणायचात, गिऱ्हाईक बंदूक हरवणार नाही, नोझल हरवेल, म्हणून ते आधी. पस्तीस वर्षांत तुमच्या दुकानातून नोझलशिवाय पिशवी गेली नाही. आणि माझीच गेली? आणि वर चौकशा. झोप लागते का, भांडण झालं का. पत्र पाचव्यांदा वाचलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. मग माझी पहिली दोन पत्रं मी मनातल्या मनात तुमच्या डोळ्यांनी वाचली.

मामा! आवाज नको, कोणाला कळायला नको, यांना सांगू नका, माझी सुटका होईल. असं लिहिलं मी? तुम्हाला काय वाटलं, मी स्वतःचं काही करून घेईन? की अण्णांचं?

राग आलाय. इतका की कागद फाटेल. पण तुमचा येतोय की माझा, ते कळत नाही.

खरं ऐका. शेजारणीला मुलगाच नाही, दोन मांजरं आहेत. बंदूक माझ्यासाठी. एका नेमबाजी क्लबला मुलींना शिकवायला बाई हवी आहे, आठवड्यातून दोन दुपारी. पंचवीस जूनला रविवारी चाचणी आहे. चाळीस गोळ्या, चारशेपैकी तीनशे सत्तर गुण हवेत, आणि बंदूक आपली आपण आणायची. दोन दुपारी, मामा. सहा तास. तेवढ्या तासांत मी कुणाची सून नसेन, नर्स नसेन. शाळेत असताना मी तीनशे ऐंशी मारायची, हे तुमच्याशिवाय आता कुणाला आठवतही नाही.

खोटं बोलले, कारण तुम्ही हसाल असं वाटलं. चाळिशीला आलेली बाई आणि तिचे हे सोस. अण्णांना कळलं तर नणंदेला कळणार, आणि मग "अण्णांना टाकून" हे तीन महिने ऐकावं लागणार.

नोझल नाही म्हणून मी रोज रिकाम्या बंदुकीने नेम धरतेय. भिंतीवर काळा ठिपका काढलाय. चाप ओढते, काहीच होत नाही. माझं बाकीचं सगळं जसं चाललंय, तसंच.

तुमची भाची

९ जून

डावरे,

नोझल या पाकिटात आहे. कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून. वीस दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. आंघोळीला जातानाही खुंटीवर नजर असायची.

मी गाढव आहे. तुझं चौदा मेचं पत्र वाचलं आणि नको ते मनात आलं. नाही म्हणालो असतो तर तू दुसरीकडून घेतली असतीस, आणि मला लिहायचं बंद केलं असतंस. म्हणून बंदूक दिली आणि तिचा श्वास काढून ठेवला. मला वाटलं, मागत राहील, म्हणजे लिहीत राहील, म्हणजे जिवंत आहे हे मला कळत राहील. तुला विचारायचं सोडून मी नोझल लपवलं. बहिरा माणूस विचारायला घाबरतो गं, उत्तर ऐकू आलं नाही तर काय, म्हणून. पण कागदावर विचारायला काय झालं होतं मला?

तुझे वीस दिवस खाल्ले, ते परत देता येत नाहीत. एवढंच सांगतो की रिकाम्या बंदुकीचा सराव फुकट जात नाही. चाप ओढताना साइट हललं नाही, तर छर्रा भरल्यावरही हलणार नाही.

हसेन म्हणे. अगं, मी तुला स्टुलावर उभं करून नेम धरायला शिकवलं ते काय छर्रे मोजायला?

मामा

१६ जून

मामा,

राग गेला. सगळा नाही, पण थोडी हवा आत राहू दे म्हणता ना तुम्हीच.

पहिल्यांदा पंप मारायला एक तास लागला, तीस तीस करत. मधल्या छर्र्यांचा डबा आपला निघाला, दहापैकी सात एका भोकात. पेटीत जुन्या गोधडीचे तुकडे कोंबलेत, आवाज टाळी वाजवल्याएवढाच येतो.

पण अण्णांपासून काय लपणार? कारखान्यात जन्मभर टाइमकीपर होते ते. तिसऱ्या दिवशी औषध द्यायला गेले तर म्हणतात, "एकोणचाळीस." मी म्हटलं, काय? "काल चाळीस वाजले. आज एकोणचाळीस. एक कुठे गेला?" एक छर्रा हातातून पडला होता, तो मी घेतलाच नव्हता. सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "दार उघडं ठेव. मोजायला बरं पडतं." मी उघडलं नाही, दार बंद असल्याशिवाय चाप ओढायचा नाही हा माझा नियम. तर मग भिंतीवर बोटाने टकटक करून आकडे मोजतात, आणि चाळीस झाल्याशिवाय घंटा वाजवत नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तीनशे चौसष्टपर्यंत आलेय. पंचवीसला नणंद येऊन बसणार आहे. तशी कुरकुर केली, पण हो म्हणाली.

तुमची भाची

२० जून

मामा,

नणंदेचा फोन आला. रविवारी तिच्याकडे पाहुणे आहेत, जमणार नाही. "पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ नाहीये. दुसऱ्या कोणाला विचारू? शेजारीण अण्णांना उचलू शकत नाही. पैसे देऊन बाई बघितली, ती रविवारची येत नाही. क्लब बसने दीड तास, चाचणी, परत. सात तास. सात तास त्यांना एकटं ठेवता येत नाही, मी अर्धा तासही ठेवून पाहिलंय.

अण्णा म्हणाले, "जा. पडलो तर पडलो." हे ऐकल्यावर कोण जाणार? आम्ही दोघंही या घरात अडकलोय मामा, फक्त त्यांना निदान कुणी उचलून बसवतं.

काल तीनशे एकाहत्तर मारले. पिशवीत भरून ठेवलीय बंदूक, नोझल आधी. काटा शंभरावर आहे. पूर्ण रिकामी केली नाही, तुम्ही सांगितलंय म्हणून. कशासाठी ते माहीत नाही.

उत्तर लिहायची घाई करू नका. दुकानातली कामं उरका.

तुमची भाची

शनिवार, २४ जून, संध्याकाळ
तुझं स्वयंपाकघर

डावरे,

हे पत्र पिशवीत नोझलच्या कप्प्यात ठेवतोय, म्हणजे हवा भरायच्या आधी तुझ्या हाताला लागेल. मघाशी दार उघडून मला बघितल्यावर तू जे काही बोललीस ते मला एक अक्षर कळलं नाही, पण रडत होतीस एवढं दिसलं. मला तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून हे.

दुकान नाही गं. दीड वर्ष झालं बंद करून. रस्ता ओलांडताना मागून गाडी आली, हॉर्न ऐकू आला नाही, थोडक्यात वाचलो. त्यानंतर पाय उंबऱ्याबाहेर पडेना. सामान विकलं, हत्यारं विकली, हातातली दोन-चार तेवढी ठेवली. चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून असतो. किराणा दारात येतो, पार्सल न्यायलाही पोरगा दारात आला होता. तुला श्वास घ्यायला फुरसत नाही असं लिहिलं तेव्हा दिवसभर मी भिंतीकडे बघत होतो. तुला बाहेर कधी पडलीस म्हणून विचारलं, ते कोणत्या तोंडाने विचारलं कोण जाणे. ती बंदूक माझी स्वतःची. तेवढी एकच मला विकवली नव्हती.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं आणि मी चपला घातल्या. जिन्यात दोनदा परत फिरलो. बसमध्ये डोळे मिटून बसलो होतो, थांबा चुकला, मागे चालत आलो. पण आलो.

तू म्हणशील, बहिरा माणूस घंटा कशी ऐकणार. अण्णांनी तोड काढली आहे, डोकं शाबूत आहे त्यांचं. घंटेची दोरी सोडवली आणि तिचं एक टोक त्यांच्या चांगल्या हातात, दुसरं माझ्या मनगटाला. मनगटाने मला सगळं कळतं, तुला माहीत आहेच. एकदा ओढलं की पाणी, दोनदा की बसवा, तीनदा की मी चिडलोय. आत्तापर्यंत तीनदाच जास्त वेळा झालंय. उचलायचं कसं ते तू शिकवलंस, जमतंय.

घरी यायची घाई करू नकोस. मागे मान वळवून बघू नकोस. घंटा वाजत नाहीये, तिची दोरी माझ्या हाताला आहे.

आता नोझल घे आणि हवा भर. तीस झाले की थांब.

मामा

रविवार, २५ जून

मामा,

तुम्ही दोघंही खुर्चीत आणि पलंगावर घोरताय, हातात दोरी. उठलात की ओरडून सांगण्यापेक्षा हेच हातात देते.

तीनशे अडुसष्ट. दोन गुणांनी गेलं.

पहिल्या दहा गोळ्यांत घालवले. कान घराकडेच होते. मग तुमचं पत्र आठवलं आणि शेवटच्या दहात अठ्ठ्याण्णव मारले. पण दोन कमी ते कमीच. आवराआवर करत होते, डोळ्यांत पाणी, तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यावर गोंधळ झाला. क्लबच्याच बंदुकीतून हवा गळत होती, काटा खाली खाली चाललेला. हॉलमध्ये ही बडबड, पंख्यांचा घरघराट. तिघं जण बंदुकीला कान लावून बसलेले, कुणालाच काही ऐकू येईना. मी विचार न करता पुढे गेले. छर्रा नाही ना बघितलं, तोंड भिंतीकडे केलं, मनगट पाण्यात बुडवलं आणि जोडांवरून फिरवलं. गेजच्या खाली गार लागलं. उरलेली हवा सोडली, तुमच्या डबीतली रिंग घातली, नखभर ग्रीस. दहा मिनिटं.

क्लबच्या सेक्रेटरीबाई पुढे आल्या. म्हणाल्या, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, मामांच्या दुकानात. त्या म्हणाल्या, शिकवायला आम्हाला तीनशे सत्तरवाली मिळाली, पण आमच्या अकरा बंदुका आहेत आणि सात बंद पडल्यात, त्या बघायला माणूस नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. जमेल का?

मी हो म्हणून आले. तुम्हाला न विचारता.

सात बंदुका माझ्या एकटीने होणार नाहीत. जड कामाच्या मी घरी आणत जाईन, हत्यारं नवी घेऊ. पण जाऊन-येऊन धरून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसात अण्णांजवळ कोणीतरी लागेल. शिलाईची खोली रिकामी करतेय. चौथा मजला नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही. आणि ओलांडायचा झालाच तर मी बरोबर आहे, माझे कान चांगले आहेत.

उठलात की दोरी सोडू नका.

डावरी